चिमणी उड, म्हैस उड : पोरांचं बोट आपल्या बोटामागे का जातं

आधी खेळ घ्या, वाचायचं नंतर.

पाच-सात पोरं गोल बसवा. घरची, शेजारची, कुठलीही चालतील. प्रत्येकाने अंगठ्याशेजारचं बोट जमिनीला टेकवायचं. तुम्ही म्हणायचं ‘चिमणी उड’, की सगळ्यांची बोटं वर. ‘कावळा उड’, वर. ‘म्हैस उड’ म्हटल्यावर ज्याचं बोट उठलं त्याच्या पाठीत हलका धपाटा. हा खेळ आपल्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. फक्त या वेळी तो दोन प्रकारे घ्या. पहिल्या फेरीत तुमचे दोन्ही हात पाठीमागे ठेवा आणि नुसतं तोंडाने सांगा. दुसऱ्या फेरीत तुमचंही बोट जमिनीला टेकवा आणि प्रत्येक नावाला ते उचला, म्हशीलासुद्धा. वेग तोच ठेवा. कोण किती वेळा चुकलं त्याच्या रेघा कुणाला तरी पाटीवर मारायला सांगा.

पहिल्या फेरीत एखाददुसरं पोर चुकेल. दुसऱ्या फेरीत रेघा मारणाऱ्याची तारांबळ उडेल. म्हैस उडत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, ‘म्हैस’ हा शब्द कानांनी नीट ऐकलाय, तरी बोट वर.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली ते चौथी शिकवलं. पहिली आठ वर्षं सिंधुदुर्गात, मग आंतरजिल्हा बदली मिळाली आणि उरलेली सांगली जिल्ह्यात. बहुतेक शाळा दोन शिक्षकी, जोडवर्ग. डी.एड.च्या पुस्तकात ‘बालक अनुकरणाने शिकते’ एवढं एक वाक्य होतं आणि ते परीक्षेत लिहून मी मोकळी झाले होते. बालक नको तेव्हाही अनुकरण करतं, त्याच्या मनात नसताना करतं, आणि शिक्षकाला त्याचा उपद्रवही होतो आणि उपयोगही, हे वर्गात उभं राहिल्यावर कळलं. नव्याने वर्गात उभ्या राहणाऱ्यांसाठी हे लिहितेय. आईबापांनाही उपयोग व्हायला हरकत नाही.

सांगलीकडच्या शाळेत तिसरीतला एक मुलगा या खेळात कधीच आउट व्हायचा नाही. मला वाटायचं, भारी हुशार आहे. एकदा नीट बघितलं तर तो माझ्याकडे बघतच नव्हता. मान वर करून भिंतीवरच्या बाराखडीच्या तक्त्याकडे डोळे लावून बसायचा. म्हटलं, माझ्याकडे बघून खेळ. तिसऱ्या म्हशीला आउट. वर मलाच म्हणाला, “बाई, तुमच्याकडं बघितलं की बोट ऐकत न्हाई.”

त्या पोराला जे उमगलं होतं तेच मार्सेल ब्रास आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत प्रयोगशाळेत मोजलं आणि २००० साली छापलं. पडद्यावर १ आला तर पहिलं बोट उचलायचं, २ आला तर मधलं. आकड्याबरोबर पडद्यावर एक हातही दिसायचा आणि त्याचं एखादं बोट उठायचं. हाताकडे लक्ष देऊ नका, आकडा बघा, असा नियम. पडद्यावरचं बोट आकड्याशी जुळलं तर माणसं झटकन उचलायची, उलट असलं तर अडखळायची. हीच आपली म्हैस, फक्त संगणकावर.

बोट ऐकत का नाही

यावर पंडितांची मतं वेगवेगळी आहेत. मला पटलेलं सांगते.

आई बाळाला घास भरवताना बघा. चमचा बाळाच्या तोंडाकडे नेते आणि आ स्वतः करते. बाळ हसलं की घर हसतं, बाळाने टाळी वाजवली की आजी टाळी वाजवते. म्हणजे आधी नक्कल आपण त्याची करतो. दिवसातून शंभरदा. ‘आपण केलं’ आणि ‘समोर तेच दिसलं’ या दोन गोष्टी इतक्या वेळा जोडीने येतात की पुढे एक दिसली की दुसरी जागी होते. डोळ्यांनी बोट उठताना बघितलं की आपलं बोट उठवायची तयारी आत सुरू झालेलीच असते. कानावरून ‘म्हैस’ आत जाऊन, ती उडते का याचा विचार होऊन हुकूम निघेपर्यंत डोळ्यांचा निरोप हातापर्यंत पोचलेला असतो.

इटलीत पार्मा इथे जाकोमो रिझोलात्ती यांच्या चमूला १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या की ज्या माकडाने वस्तू उचलली तरी चेततात आणि दुसऱ्याला उचलताना नुसतं बघितलं तरी चेततात. त्यानंतर या पेशींवर लोकांनी काय काय लादलं विचारू नका. माया, कला, भाषा, सगळं त्यातूनच आलं म्हणे. आमच्या प्रशिक्षणात एका तज्ज्ञांनी त्यावर सबंध तास घेतला होता. मला त्यापेक्षा लंडनचा २००७चा एक छोटा प्रयोग जास्त कामाचा वाटतो. कॅटमर, वॉल्श आणि हेज यांनी माणसांना उलटा सराव दिला : पडद्यावर पहिलं बोट हललं की तुम्ही करंगळी हलवा, करंगळी हलली की पहिलं बोट. पुरेसा सराव झाल्यावर त्यांच्यात नकलेची ओढच उलटली. म्हणजे ही ओढ दगडावरची रेघ नव्हे, सवयीने पडलेली पायवाट आहे. सवयीने दुसरीही पाडता येते. म्हणून तर जी पोरं ‘चिमणी उड’ महिनाभर खेळतात ती पटाईत होतात.

तान्ह्या बाळाबद्दल मात्र वाद आहे. १९७७ साली मेल्टझॉफ आणि मूर यांनी सांगितलं की काही आठवड्यांचं बाळसुद्धा मोठ्यांचं बघून जीभ बाहेर काढतं. २०१६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १०६ बाळं पहिल्या नऊ आठवड्यांत पुन्हा पुन्हा तपासली आणि तसं काही दिसलं नाही म्हणाले. बाळ तशीही जीभ काढतच असतं. मला ऑस्ट्रेलियावाल्यांचं खरं वाटतं, पण ते माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या अनुभवावरून, शास्त्रावरून नव्हे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. ओढ सगळ्यांनाच असते, मोठ्यांना ब्रेक लागतो एवढंच. हा ब्रेक कपाळामागच्या मेंदूत असतो आणि तो भाग तयार व्हायला सगळ्यात जास्त वर्षं लागतात. पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ फ्रांस्वा लेर्मित यांनी १९८६ साली अशा रुग्णांबद्दल लिहिलं की ज्यांच्या मेंदूच्या या भागाला इजा झाली होती. डॉक्टर समोर बसून जे जे हातवारे करत ते ते रुग्ण करत, कुणी सांगितलेलं नसताना. दुसरीतलं पोर शेजाऱ्याचं बघून पाय हलवायला लागलं तर ‘मुद्दाम करतोस?’ म्हणून त्याच्यावर ओरडण्याआधी हे आठवावं.

‘शिवाजी म्हणतो’ कसा घ्यावा

ब्रेकचा सराव द्यायचा तर यासारखा खेळ नाही. पण बहुतेक शिक्षक तो घाईने घेतात आणि दोन मिनिटांत उरकतात.

सुरुवातीचे पाच-सहा हुकूम सरळ द्या. ‘शिवाजी म्हणतो, हात वर.’ ‘शिवाजी म्हणतो, उडी मारा.’ स्वतःही करा. पोरांच्या अंगात तुमच्यामागे जायची लय भिनू द्या. मग न थांबता ‘हात खाली’ म्हणा आणि स्वतःचे हात खाली आणा. निम्मा वर्ग आउट. इथवर सगळेच करतात. पुढची पायरी अशी : ‘शिवाजी म्हणतो, नाकाला हात लावा,’ असं स्पष्ट म्हणा आणि स्वतःचा हात कानाला लावा. शिवाजीचा हुकूम नाकाचा आहे. बघा किती हात कानाला जातात. त्यानंतर तेच पुन्हा, पण वळून, पाठ पोरांकडे करून, हात पोटाशी ठेवून. आता जवळजवळ सगळे नाक बरोबर धरतात. हा फरक पोरांनाच विचारा. चौथीची मुलं बरोबर उत्तर देतात.

ओळीत उभं करून हा खेळ घेऊ नका. मागचे पुढच्यांकडे बघतात आणि घोळक्याने आउट होतात, तुम्हाला वाटतं ऐकलं नाही. एकाच अर्धगोलात, तोंड तुमच्याकडे करून उभं करा. मग जो चुकला तो स्वतःचा चुकला.

आउट झालेल्याला बाहेर बसवणं मी पुढे बंद केलं. ज्याला सरावाची जास्त गरज तोच पहिला बाहेर, असं होतं. त्याऐवजी चुकलेल्याने एक पाऊल मागे जायचं आणि खेळत राहायचं.

दगड-कागद-कात्रीत तर ही ओढ पैशापाण्याच्या हिशोबालाही जुमानत नाही. लंडनमध्ये संशोधकांनी माणसांना जोडीने हा खेळ खेळायला लावला. कधी दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी, कधी एकाच्याच. बरोबरी झाली तर कुणालाच काही मिळत नाही, तरी एकाचे डोळे उघडे असले की बरोबरी जास्त वेळा व्हायची. डोळे उघडे असलेल्याचा हात समोरच्या हातामागे जायचा.

कधी जास्त, कधी कमी

सगळ्यात आधी संख्या. स्टॅन्ली मिलग्राम आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावर काही माणसं उभी करून त्यांना समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघायला सांगितलं. खिडकीत काही नव्हतं. १,४२४ वाटसरूंची त्यांनी मोजदाद केली आणि १९६९ साली ती छापली. एकच माणूस वर बघत असला तर ४ टक्के लोक थांबले, पंधरा माणसं असली तर ४० टक्के. थांबून किंवा चालता चालता, मान वर करणारे तर पंधरांच्या वेळी एकूण ८६ टक्के. वर्गात बाहेरून एसटी गेली की काय होतं ते आठवा. पहिल्या पोराने मान वळवली तेव्हाच काय ते करा. सहावी मान वळल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही. आणि स्वतः खिडकीकडे बघू नका, तुमची एक मान दहांच्या बरोबर असते. कोकणातल्या शाळेत कौलांवर वानरं यायची. तिथे मी हार मानली होती. दोन मिनिटं सगळ्यांनी वानरं बघायची, मग पाढे.

दुसरं, आपलं व्हावंसं वाटणं. उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या सांगलीकडच्या शाळेत बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांची पोरं यायची. दिवाळीच्या आगेमागे येणार, मार्चमध्ये जाणार. असं पोर पहिल्या दिवशी दाराशी बसायचं. तिसऱ्या दिवशी बघावं तर दप्तर इथल्या पोरांसारखं एका खांद्यावर, बसायची तऱ्हा तीच, पाण्याची बाटली तशीच तोंडापासून लांब धरून. आठवड्यात बोलणंही वळायला लागायचं. याला कुणी शिकवत नसे. लाकिन, चार्ट्रँड आणि आर्किन यांनी २००८ साली दाखवलं की खेळातून वगळलेली माणसं त्यानंतर भेटलेल्या माणसाच्या हालचालींची जास्त नक्कल करतात, आणि तीही नकळत. तेव्हा नवं पोर आलं की त्याला कुणाशेजारी बसवताय हा प्रश्न जागा कुठे रिकामी आहे यावर सोडू नका. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा’ म्हणतात, पण म्हणीतल्या बैलांना वेळ लागत असेल. या पोरांना तीन दिवस पुरतात. मी अशा मुलाला वर्गातल्या पहिल्या नंबराशेजारी बसवत नसे. शांत, डबा वाटून खाणारं, अभ्यासात बरं असं पोर बघायचे.

माझंही तेच झालं होतं. सिंधुदुर्गात गेले तेव्हा मी घाटावरची बाई. दोन वर्षांनी दिवाळीला माहेरी आले तर बहीण पोट धरून हसली. मी दारातच तिला “खंय चललंस?” म्हणाले होते. बदलीनंतर सांगलीत तो हेल आपोआप गेला. पण कुडाळच्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला की पहिल्या मिनिटात परत येतो. घरातले लांबूनच ओळखतात फोन कुणाचा ते. म्हणजे ओढ मी कोण आहे यापेक्षा समोर कोण आहे यावर ठरते. आवडत्या माणसाची नक्कल जास्त होते, नावडत्याची कमी. ज्या बाई पोरांना आवडत नाहीत त्यांच्या हस्ताक्षराची नक्कल वर्गात कमी दिसते, हे माझं निरीक्षण आहे, शास्त्र नाही.

तिसरं, वय. दुपारची खिचडी खाऊन पोरं वर्गात बसली की एक जांभई देतो आणि ती ओळीने फिरते. जांभईवर आयुष्यभर काम केलेल्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांना पाच मिनिटं जांभयांची चित्रफीत दाखवली तेव्हा ५५ टक्के लोकांनी जांभई दिली. पण चार-पाच वर्षांखालच्या मुलांना दुसऱ्याची जांभई सहसा लागत नाही. आमच्या वर्गात कुणाकुणाचं धाकटं भावंड सांभाळायला म्हणून बरोबर यायचं, तीन वर्षांचं वगैरे. सगळा वर्ग जबडे फाकतोय आणि ते टक्क जागं, खडूशी खेळतंय, असं चित्र मी कितीदा पाहिलंय. उपाय सोपा आहे. खिचडीनंतर वाचन ठेवू नका, उभं राहून करायचं काही ठेवा. ‘जांभई देऊ नका’ असं तर म्हणूच नका. शब्द ऐकूनसुद्धा येते. तुम्हाला आत्ता आली असेल.

वर्गात याचा वापर

लेझीम, कवायत, हातवाऱ्यांचं गाणं, काही शिकवायचं असो, पहिला प्रश्न तुम्ही पोरांकडे तोंड करून उभे राहणार की पाठ, हा. तोंड केलंत तर पोरं आरशासारखी नक्कल करतात. तुमचा उजवा पाय, त्यांचा डावा. तोंडाने ‘उजवा’ म्हणत स्वतःचा उजवा पाय टाकलात तर तुम्ही म्हैस उडवलीत. कान एकीकडे, डोळे दुसरीकडे. तेव्हा पोरांसमोर उभं राहून ‘उजवा’ म्हणताना आपला डावा टाकायचा. हे ऐकायला सोपं, करायला महाकठीण. २६ जानेवारीच्या आधी पंधरा दिवस मी घरी लाटणं हातात घेऊन आरशासमोर सराव करायचे. जमत नसेल तर डावं-उजवं सोडूनच द्या. ‘पाऊल पिंपळाकडे’, ‘पाऊल ऑफिसकडे’. पिंपळ सगळ्यांना एकाच बाजूला असतो.

यातली एक गंमत करून बघा. समोर बसलेल्या लहान मुलांना म्हणा, मी करते तसं करा, आणि आपल्या उजव्या हाताने डावा कान धरा. बहुतेक पोरं कान बरोबर बाजूचा धरतील, पण हात आडवा नेणार नाहीत, जवळच्याच हाताने धरतील. बेकरिंग आणि सहकाऱ्यांनी २००० साली हेच नोंदवलं. मुलाच्या लेखी गोष्ट आहे ‘कान धरणं’, हात कुठला ते त्याच्या हिशोबात नाही. लेझमीतही पोरं आवाजाच्या ठोक्याची नक्कल करतात आणि पाय विसरतात. म्हणून पहिले दोन दिवस लेझीम हातात देऊ नये, नुसते पाय. आवाज नसला की पायच मुख्य होतात.

ओळी लावताना चांगली पोरं सगळी पुढे लावायचा मोह होतो, केंद्रप्रमुख पुढूनच बघणार म्हणून. करू नका. तिसरी ओळ तुम्हाला बघत नाही, दुसरीला बघते, आणि दुसरीची चूक तिसरीत पक्की होते. प्रत्येक ओळीत एक पक्क्या पायाचं पोर हवं आणि ते कडेला हवं. कारण ‘दहिने मूड’ झालं की कडेचं पोर पुढे येतं आणि सगळी रांग त्याच्या पाठीकडे बघते.

पाढे सामुदायिक म्हणवून घेणं बंद करू नका, पण त्यावर विश्वासही ठेवू नका. ‘सात सक बेचाळीस’ला सगळा वर्ग बरोबर असतो. त्यातली काही पोरं शेजाऱ्याच्या ओठांवरून, केसभर मागे राहून ‘...चाळीस’ एवढंच म्हणत असतात. त्यांना लबाड म्हणू नका, त्यांना स्वतःलाही ते कळत नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणायला लावा. कोण मागे राहतंय ते लगेच ऐकू येतं.

हात वर करायला लावून ‘समजलं का?’ विचारण्यात अर्थ नाही. तिथे दोन गोष्टी मिसळतात. काही हात नकळत उठतात, आणि काही हात माहीत असून उठतात, कारण एकट्याने खाली ठेवायची लाज वाटते. या दुसऱ्या प्रकारावर सॉलोमन अॅश यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत काम केलं. ठरवून चुकीचं बोलणाऱ्या मंडळींत बसवल्यावर तीन चतुर्थांश माणसांनी निदान एकदा तरी रेघेची लांबी डोळ्यांना दिसत असून चुकीची सांगितली. पण बरोबर बोलणारा एक जरी सोबती मिळाला की चुकणं फार कमी झालं. दोन्हींवर उपाय एकच : पाटी. सगळ्यांनी उत्तर लिहायचं, पाटी छातीशी पालथी धरायची, आणि मी टाळी वाजवली की एकदम उलटायची. बघून लिहायला वेळच मिळत नाही.

आवाजाचं तर सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. बाई ओरडल्या की वर्ग ओरडतो. वाक्याचे पहिले दोन शब्द मोठ्याने, उरलेले कुजबुजत म्हणा. गोंगाट पडायला मिनिट लागत नाही. ‘शांत बसा’ हे ओरडून सांगणं म्हणजे पुन्हा म्हैसच.

ओकारी, चक्कर, हसू यांत मात्र क्षणाचा खेळ असतो. परिपाठाला उन्हात एक मुलगी चक्कर येऊन बसली की दोन मिनिटांत दुसरी बसते. पहिलीला सावलीत न्या, बाकीच्यांना पाठमोरं करून वर्गात पाठवा, पाणी सगळ्यांना द्या. पण दुसरी नक्कलच करतेय असं गृहीत धरू नका. ऊन दोघींनाही लागलेलं असू शकतं, दोघींकडेही बघा. आताच्या टांझानियात काशाशा इथल्या मुलींच्या शाळेत जानेवारी १९६२मध्ये तीन मुलींपासून हसण्याची लागण सुरू झाली. १५९पैकी ९५ मुलींना ती लागली आणि मार्चमध्ये शाळा बंद करावी लागली. ती नुसती नक्कल नव्हती, त्यामागे त्या मुलींवरचा ताणही होता असं मानतात. तेव्हा तुमच्या वर्गात हसू थांबतच नसेल तर नुसतं हसणाऱ्यांना वेगळं करून भागणार नाही, काय खुपतंय तेही विचारा.

एक गोष्ट करू नका. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, पालक जसे बसतील तसे तुम्ही बसा, त्यांचा विश्वास बसतो. प्रयोगांत असा परिणाम दिसला आहे हे खरं, पण समोरच्याला ते कळलं नाही तरच. मी एका पालकांसमोर करून बघितलं. त्यांनी हाताची घडी घातली, मी घातली. त्यांनी सोडली, मी सोडली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “बाई, चेष्टा करताय का?” त्यापेक्षा शब्द परत करा. नेदरलँड्समध्ये वेट्रेसने गिऱ्हाइकाची ऑर्डर त्याच्याच शब्दांत परत म्हटली तेव्हा तिला टिप जास्त मिळाली, हा २००३चा अभ्यास आहे. पोर म्हणालं, “बाई, प्वाट दुखतंय,” तर “प्वाट दुखतंय व्हय?” म्हणा. तिथल्या तिथे त्याचं शुद्धलेखन करू नका.

स्वतःकडे बघणं

शेवटचं काम सगळ्यात अवघड. सहकाऱ्याला अर्धा तास वर्गाच्या मागे बसवा आणि सांगा, शिकवण्याकडे लक्ष देऊ नका, पोरं माझं काय काय उचलतात तेवढं लिहा. चार्ट्रँड आणि बार्ग यांनी १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये हेच मोजलं होतं. अनोळखी माणसाबरोबर फोटोंबद्दल बोलताना तो चेहऱ्याला हात लावत असला तर लोक आपल्या चेहऱ्याला जास्त हात लावायचे, तो पाय हलवत असला तर पाय. आणि त्यांना त्याचा पत्ता नसायचा.

मला फळ्यावर लिहिण्याआधी खडू दोनदा टकटक करायची खोड होती. सगळी दुसरी पाटीवर लिहिण्याआधी पेन्सिल दोनदा आपटायची. ती त्यांना लिहिण्याचाच भाग वाटायची. हॉर्नर आणि व्हाइटन यांनी २००५ साली चिंपांझी आणि तीन-चार वर्षांची मुलं यांना एका पेटीतून खाऊ काढायला शिकवलं, मधे काही निरुपयोगी पायऱ्या घालून. पेटी पारदर्शक केल्यावर चिंपांझींनी फुकटच्या पायऱ्या गाळल्या, मुलांनी सगळ्या केल्या. मुलं भोळी असतात म्हणून नव्हे. मोठी माणसं जे करतात त्याला काहीतरी कारण असणार, असं धरून चालतात म्हणून.

माझी दुसरी खोड मला केंद्रप्रमुखांनी दाखवली. बोटं खडूने भरलेली असायची म्हणून मी चष्मा मनगटाच्या मागच्या बाजूने वर सारायचे. ते वर्गात येऊन बसले, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, “बाई, तुमच्या वर्गात चष्मा कुणालाच नाही ना?” मी म्हटलं, नाही. “मग ही पोरं नाकावर मनगट का घासतायत?” मी वळून बघितलं. तीन-चार जण घासत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी कमरेला रुमाल खोचायला लागले, बोटं पुसायची आणि मग चष्म्याला हात लावायचा. मनगट घासणं महिनाभरात गेलं. पुढच्या तपासणीत शेऱ्याच्या वहीत लिहून आलं की स्वच्छतेचे संस्कार उत्तम आहेत, प्रत्येक विद्यार्थ्याकडे रुमाल आहे. रुमाल आणायला मी एकालाही सांगितलं नव्हतं.